पूर्वभागांतील निवड आणि उत्तरभागांतील फळ

मनुष्यानें केलेल्या कृत्याचें फळ त्याला केव्हां ना केव्हां भोगावें लागतें, हा आपल्या समाजांतील फार जुना विश्वास आहे. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे शब्द तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून निघून आपल्या माजघरापर्यंत पोंचलेले आहेत. तेव्हां ‘आज तूं जें करशील तें पुढें तुझ्या वाट्याला येईल’ असें अभिवचन देणारी कलाकृति कोणीं पुढें मांडली, तर तिच्याकडे आपलें लक्ष जावें हें साहजिक आहे. हें अभिवचन गेल्या कांहीं दशकांत मोठ्या आवाजानें दिलें तें व्हिडिओ गेमनें. घरांतील मुलें ज्यांत तासन्‌तास गुंतलेलीं असतात आणि वडील मंडळी ज्यांची संभावना ‘वेळेचा अपव्यय’ या दोन शब्दांत करतात, त्या खेळांपैकीं कांहीं खेळ नीतीचा इतका गंभीर प्रश्न हाताळतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत आलेली नाहीं. हे खेळ आपलें अभिवचन पाळतात किंवा नाहीं, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों.

ज्यांना या प्रकाराचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा अवश्य आहे. कादंबरींत नायकानें काय करावें हें लेखक ठरवितो. या खेळांत तें कांहीं ठिकाणीं खेळणाऱ्यावर सोंपविलेलें असतें. शत्रु शरण आला आहे, त्याला मारावें कीं सोडावें? दोन सोबत्यांपैकीं एकालाच वांचवितां येतें, कोणाला वांचवावें? खेळणारा जें ठरवील त्याची नोंद यंत्रांत होते, आणि दोनतीन वर्षांनीं त्याच कथेचा पुढचा भाग प्रसिद्ध झाला म्हणजे ती नोंद त्यांत उतरवून घेतां येते. मेलेला मेलेलाच राहतो, वांचलेला पुन्हा भेटतो. ही कल्पना अगदीं नवी नाहीं. १९८२ सालच्या ‘विझर्ड्री’च्या दुसऱ्या भागाच्या मूळ आवृत्तींत, पहिल्या भागांत वाढविलेलीं पात्रें बरोबर आणल्याखेरीज प्रवेशच नव्हता. परंतु त्या काळीं पुढें जात असे तें पात्राचें बळ आणि त्याचा सरंजाम. पात्राच्या हातून घडलेलें बरेंवाईट कृत्य पुढें नेण्याचा मोठा प्रयत्न कॅनडांतील एडमंटन येथील बायोवेअर या मंडळीनें ‘मास इफेक्ट’ या त्रिखंडात्मक कृतींत केला. तिचे तीन भाग अनुक्रमें नोव्हेंबर २००७, जानेवारी २०१० आणि मार्च २०१२ मध्यें बाहेर पडले. या प्रश्नाची परीक्षा करण्यास हीच कृति सर्वांत योग्य आहे. कारण तिचें यश आणि तिचें अपयश दोन्ही मोठीं आहेत.

कथानक थोडक्यांत असें. शेपर्ड नांवाचा सेनाधिकारी—खेळणाऱ्याच्या इच्छेनुसार पुरुष किंवा स्त्री—आकाशगंगेंतील नाना जातींच्या प्राण्यांना एकत्र करून ‘रीपर’ नांवाच्या संहारक यंत्रांशीं लढतो. या एकीकरणाच्या वाटेवर जागोजाग निवडीचे प्रसंग येतात. पहिल्या भागांत रॅक्नाय नांवाच्या कीटकसदृश जातीची शेवटची राणी शेपर्डच्या हातीं सांपडते. या जातीनें एके काळीं सर्व जगाला त्राहि त्राहि करून सोडलेलें. राणी मात्र शांततेनें राहण्याचें वचन देते. तिला सोडावें कीं मारावें? एका संपूर्ण वंशाचें जीवित आपल्या बोटावर तोललेलें आहे, या जाणिवेनें खेळणारा क्षणभर थबकतो. आणि असें थबकणें हेंच या कलेचें खरें बळ आहे.

आतां आक्षेपकांचें म्हणणें ऐकूं. तिसऱ्या भागांत रीपरांच्या सैन्यांत रॅक्नाय दिसूं लागतात. राणीला सोडलें असल्यास रीपरांनीं तिला पकडून नेलेलें असतें. मारलें असल्यास त्यांनीं दुसरी कृत्रिम राणी तयार केलेली असते! दोन्ही प्रकारें तीच गुहा, तेच शत्रु, तीच लढाई. खरी राणी पुन्हा मुक्त केली तर ती उपयोगी पडते, कृत्रिम राणी उलटते. फरक काय तो एवढाच. पहिल्या भागाच्या अखेरीस आकाशगंगेचें राज्यमंडळ वांचवावें कीं बुडूं द्यावें असा बिकट प्रश्न येतो. बुडूं दिलें तरी तिसऱ्या भागांत त्याच जातींचे दुसरे सभासद त्याच आसनांवर बसून तींच उत्तरें देतात. मानवांचा प्रतिनिधि म्हणून अँडरसनला निवडा वा उडिनाला, तिसऱ्या भागांत त्या जागेवर उडिनाच आढळतो. आक्षेपकांचा निष्कर्ष असा कीं, ही निवड म्हणजे दाराला लावलेली दोन कुलुपें. किल्ली कोणतीही लावा, खोली एकच.

हा आक्षेप खोटा नाहीं. तो कां खरा ठरतो याचें कारण मात्र बहुतेक टीकाकार निर्मात्यांच्या आळसांत शोधतात, तें आम्हांला मान्य नाहीं. कारण साध्या अंकगणितांत आहे. प्रत्येक निवडीला दोनच फांटे धरले, तर दहा निवडींतून १,०२४ आणि वीस निवडींतून १०,४८,५७६ निरनिराळीं जगें निर्माण होतात. कादंबरीकाराला एक वाक्य बदलावयास शाईचा एक थेंब पुरतो. येथें प्रत्येक वाक्याला नटाचा आवाज, पात्राची हालचाल, देखावा आणि प्रकाश हवा. बहुसंख्य खेळणाऱ्यांना कधींच दिसणार नाहीं अशा जगावर इतका खर्च कोणी करूं शकत नाहीं. म्हणून फांटे फुटतात, थोडें अंतर चालतात आणि पुन्हा मूळ प्रवाहाला येऊन मिळतात.

या अंकगणिताचा एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि तो मोठा करुण आहे. दुसऱ्या भागाच्या अखेरीस एक अत्यंत धोक्याची मोहीम असते. तींत खेळणाऱ्याच्या दक्षतेनुसार कोणताही सोबती मरूं शकतो. हा प्रसंग सर्व त्रिखंडांत उत्तम रचलेल्या प्रसंगांपैकीं एक आहे. परंतु जो मेलेला असूं शकतो त्याच्यावर पुढच्या भागाचा महत्त्वाचा भार टाकतां येत नाहीं. परिणाम असा कीं, त्या भागांतील सोबत्यांपैकीं तिसऱ्या भागांत शेपर्डच्या बरोबर पुन्हा लढावयास येतात ते दोघेच, गॅरस आणि टाली. बाकीचे वांचले असले तरी एखाद्या प्रकरणांत तोंड दाखवून निघून जातात. पहिल्या भागांत विर्मायर या ग्रहावर केडन आणि अ‍ॅशली यांपैकीं एकाला मरूं द्यावेंच लागतें. जो वांचतो त्याच्या वाट्याला दुसऱ्या भागांत एकच भेट येते. ज्याला मारण्याची मुभा दिली, त्याला पुढें पुरतें जगूं देणें निर्मात्यांना परवडत नाहीं.

मग या निवडींना अर्थच नाहीं काय? येथें कांहीं समर्थक पुढें येतात आणि म्हणतात कीं, मुक्कामाला महत्त्व नाहीं, प्रवासाला आहे. हें उत्तर गोड आहे, पण अपुरें आहे. आपल्या ख्यालगायकाचें उदाहरण घ्या. तो कितीही स्वैर संचार करो, प्रत्येक आवर्तनाला समेवर येतो. श्रोते त्याबद्दल तक्रार करीत नाहींत, उलट त्या क्षणीं मान डोलावतात. पण गायकानें ‘आज सम तुम्हीं ठरवाल तेथें येईल’ असें जाहीर केलेलें नसतें! ज्यानें फळ बदलण्याचें वचन दिलें, त्यानें वाटेच्या सौंदर्याकडे बोट दाखवून सुटूं नये.

आमच्या मतें ‘महत्त्व’ या शब्दाचे दोन अर्थ येथें एकमेकांत मिसळले आहेत. निवडीमुळें घटना बदलते, हा एक अर्थ. निवडीमुळें त्याच घटनेचा आशय बदलतो, हा दुसरा. आक्षेपक पहिलाच अर्थ धरून मोजमाप करतात. समर्थक दोन्ही सोडून देतात. वस्तुतः ‘मास इफेक्ट’चें जें श्रेष्ठ प्रकरण आहे तें दुसऱ्या अर्थानें श्रेष्ठ आहे. तें प्रकरण टुचांका या ग्रहावरचें.

क्रोगन ही लढाऊ जात. तिच्या वाढीला आळा घालण्यासाठीं सॅलेरियन शास्त्रज्ञांनीं एक रोग निर्माण केला आणि ट्युरियनांनीं तो त्यांच्यावर सोडला. तेव्हांपासून क्रोगनांचे बहुतेक गर्भ जिवंत जन्मालाच येत नाहींत. पहिल्या भागांत रेक्स हा क्रोगन शेपर्डचा सोबती असतो. शत्रूच्या तळांत या रोगावरचा उपाय आहे असें कळतांच, तो तळ उद्ध्वस्त करण्यास तो विरोध करतो. त्या क्षणीं त्याची समजूत घालतां येते, अथवा तो मारला जातो. दुसऱ्या भागांत मॉर्डिन सोलस हा सॅलेरियन शास्त्रज्ञ भेटतो. रोगाचा जोर कमी होऊं लागल्यावर तो पुन्हा वाढविणारांपैकीं हा एक. त्याचा शिष्य मेलॉन क्रोगन स्त्रियांवर क्रूर प्रयोग करून उपाय शोधीत असतो. त्या क्रौर्यांतून मिळालेली माहिती जपून ठेवावी कीं नष्ट करावी, हा प्रश्न तेथें येतो.

तिसऱ्या भागांत या सर्व धाग्यांची गांठ पडते. क्रोगनांना उपाय द्यावयाचा, म्हणजे ते युद्धांत मदत करतील. सॅलेरियनांची अधिकारी स्त्री मात्र गुप्तपणें सुचविते कीं, उपाय दिल्याचें सोंग करा, प्रत्यक्षांत तो निकामी करा; आम्हीही तुम्हांला मदत करूं. देखावा एकच, मनोरा एकच, मॉर्डिन एकच. पण रेक्स जिवंत असेल तर क्रोगनांचा नेता तो असतो. जुन्या वैराच्या पलीकडे पाहणारा, शेपर्डवर विसंबणारा. त्याला फसविणें हा उघड विश्वासघात आहे. आणि तो केलाच तर पुढें त्याला तें कळतें, तो शेपर्डसमोर येऊन उभा राहतो आणि त्या भेटींत त्याचा अंत होतो. रेक्स पूर्वीं मारला गेला असेल तर त्याच्या जागीं त्याच्याच कुळांतला रीव्ह असतो. त्याला सूडाखेरीज दुसरें कांहीं सुचत नाहीं. मेलॉनची माहिती नष्ट केली असेल तर ईव्ह ही क्रोगनांतील शहाणी स्त्रीही वांचत नाहीं, आणि रीव्हला आवर घालणारें कोणीच उरत नाहीं. अशा वेळीं उपाय देणें म्हणजे पुढच्या महायुद्धाची पेरणी करणें नव्हे काय, अशी शंका सज्जन खेळणाऱ्यालाही येते. एरवीं उपायासाठीं प्राण देणारा मॉर्डिनदेखील केवळ याच परिस्थितींत माघार घेण्यास राजी होऊं शकतो, आणि जिवंत राहतो. रीव्हला ही फसवणूक कधीं कळतही नाहीं.

वाचकांनीं येथें नीट लक्ष द्यावें. पूर्वींच्या कृत्यांनीं येथें नुसतें उत्तर बदललेलें नाहीं, प्रश्नच बदलला आहे. रेक्ससमोर जो प्रश्न ‘दिलेला शब्द पाळशील काय?’ असा असतो, तोच रीव्हसमोर ‘तुझी दया जगाला परवडेल काय?’ असा होतो. ज्यानें पूर्वीं रागाच्या भरांत रेक्सवर गोळी झाडली, त्याला आज सरळ मार्गच उरलेला नाहीं. आणि त्याला अडविलें आहे त्याच्याच हातानें. एका अपराधानें दुसरा अपराध शहाणपणाचा वाटूं लागावा, आणि तो पचावाही, यापेक्षां कर्मफळाचें भेदक चित्र कोणत्या कादंबरींत सांपडेल, असा प्रश्न आम्हांला पडतो. निर्मात्यांनीं येथें फार थोडा देखावा बदलला आहे. माणूस मात्र बदलला आहे. तेवढें पुरतें.

याच्या जोडीला रॅनॉकचें प्रकरण ठेवतात. तेथें क्वेरियन आणि त्यांनींच निर्मिलेले गेथ नांवाचे यंत्रमानव यांचें अखेरचें युद्ध चाललेलें असतें. टाली आणि लीजन हे दोघे मागून जिवंत आले असतील, टाली आपल्या लोकांत हद्दपार झालेली नसेल, आणि अशा आणखी कांहीं गोष्टी जुळल्या असतील, तरच समेट होतो. नाहीं तर दोहोंपैकीं एक जात पुसली जाते. गेथांची बाजू घेतली तर टाली कड्यावरून स्वतःला खालीं झोंकून देते, तो क्षण विसरणें कठीण आहे. पूर्वींचा भाग न खेळलेल्याला येथें समेट मिळूंच शकत नाहीं, म्हणजे वचन अक्षरशः पाळलें गेलें. तरीसुद्धां टुचांकाच्या मानानें आम्ही हें प्रकरण दुय्यम मानतों. येथें पूर्वकृत्यांचें गुणांकन होतें. ठराविक गुण मिळाले तर मुलगा उत्तीर्ण. ज्यानें मागें प्रत्येक उपकथा चोख पुरी केली त्याला शांततेचें बक्षीस मिळतें. त्यानें कांहीं गमावलें असें होत नाहीं. निवड म्हणजे एक कांहीं घेणें आणि दुसरें सोडणें. जेथें दक्ष माणसाला सर्वच मिळतें तेथें निवडीची जागा अभ्यासू वृत्तीनें घेतलेली असते.

हाच दोष अखेरीस सर्व कृतीला भोंवला. तिसऱ्या भागांत शेपर्डनें मिळविलेल्या प्रत्येक मित्राला एक आंकडा दिलेला आहे. राणीवर केलेली दया, क्रोगनांचा विश्वास, गेथांशीं केलेला तह, सारें एका जमाखर्चाच्या वहींत उतरतें आणि बेरजेंत विरून जातें. पहिल्या आवृत्तींत तर ही बेरीज निम्म्यानेंच धरली जाई, आणि उरलेली भर घालण्याचा मुख्य मार्ग म्हणजे परक्या खेळाडूंबरोबर वेगळ्या लढाया खेळणें हा होता! त्या बेरजेवर शेवटीं तीन वाटा उघडतात—रीपरांचा नाश, त्यांच्यावर ताबा, अथवा जीव आणि यंत्र यांचा संयोग—आणि त्या वाटा दाखवितो तो याआधीं प्रत्यक्ष कधींच न भेटलेला एक बालरूपी अधिष्ठाता. तांबडा, निळा आणि हिरवा असे प्रकाशाचे तीन रंग सोडले, तर मूळ आवृत्तींतील तीन शेवटांचे देखावे बव्हंशीं सारखेच होते.

यावर खेळणाऱ्यांत जो क्षोभ उसळला तो या क्षेत्राच्या इतिहासांत गाजला. कांहीं जणांनीं मिळून बायोवेअरला सुमारे ४०० छोटे केक पाठविले. वरचें लेपन तीन रंगांचें, आंतील चव सर्वांची एकच. टीकाकारानें चार पानांत जें सांगावें तें या विनोदी लोकांनीं एका टोपलींत सांगितलें. त्याच चळवळीनें मुलांच्या रुग्णालयांना मदत करणाऱ्या एका संस्थेसाठीं ८०,००० डॉलरांहून अधिक निधीही जमविला, हें तिच्या सभ्यतेचें द्योतक म्हणून नमूद केलें पाहिजे. जून २०१२ मध्यें निर्मात्यांनीं शेवटाची विस्तारित आवृत्ति विनामूल्य दिली. तींत निरनिराळ्या जातींचें पुढें काय झालें याचीं चित्रें आलीं, आणि तिन्ही वाटा नाकारण्याची चौथी वाटही आली.

हा क्षोभ न्याय्य होता काय? शेवट दुःखद होता ही तक्रार आम्ही क्षुद्र समजतों. शोकांतिका लिहिण्याचा लेखकाला पूर्ण अधिकार आहे. तिन्ही शेवट सारखे होते ही तक्रारही आम्हांला पुरेशी वाटत नाहीं. मरण सर्वांना सारखेंच येतें, म्हणून सर्वांचीं आयुष्यें सारखीं होत नाहींत. खरा दोष असा कीं, त्या अखेरच्या क्षणीं शेपर्डच्या आयुष्याला साक्षीदारच नव्हता. ज्या रेक्सला त्यानें वांचविलें, ज्या टालीसाठीं तो न्यायसभेंत उभा राहिला, त्यांपैकीं कोणीही तेथें बोलत नाहीं. त्यांचा आंकडा तेवढा बोलतो. माणसाच्या सत्कृत्याचें मोल बेरजेंत सांगणें हें सावकाराचें काम आहे, कवीचें नव्हे. विस्तारित आवृत्तीनें जें थोडें समाधान दिलें तें याचसाठीं दिलें. घटना त्याच राहिल्या, पण ज्यांच्यासाठीं त्या घडल्या त्यांचे चेहरे पुन्हा दिसले.

पुढें निर्मात्यांनीं काय केलें हेंही पाहण्यासारखें आहे. मार्च २०१७ मधील ‘मास इफेक्ट : अँड्रोमेडा’ या भागाचें कथानक त्यांनीं सहाशें वर्षें पुढें आणि दुसऱ्याच आकाशगंगेंत नेलें, पूर्वींच्या निवडींचा हिशेब चुकविण्यासाठीं इतकें दूर पळावें लागलें! त्यांच्याच ‘ड्रॅगन एज’ या मालिकेंत २०१४ सालीं मागील निवडी तपशीलवार नोंदविण्याची स्वतंत्र सोय होती. २०२४ सालच्या भागांत मागून फक्त तीन निवडी आल्या. उलट पोलंडमधील मंडळींनीं २०१५ सालच्या ‘विचर’च्या तिसऱ्या भागांत एक साधी युक्ति योजिली. जुनी नोंद नसेल तर राजभेटीपूर्वीं नायकाची दाढी चाललेली असतांना एक अधिकारी त्याला मागील गोष्टी विचारतो, आणि तो जें सांगेल तें इतिहास ठरतें. मागें सोडून दिलेला लेथो हा मारेकरी मग एका ओसाड ठिकाणीं भेटतो, आणि बोलाविल्यास संकटाच्या रात्रीं मदतीला येतो. जगाचा नकाशा त्यानें तिळभर बदलत नाहीं. तरी ज्यानें त्याला सोडलें होतें त्याला, आपण केलेली दया वाया गेली नाहीं, हें कळतें.

सारांश, पूर्वभागांतील निवडीला उत्तरभागांत महत्त्व असतें काय, या प्रश्नाला आमचें उत्तर असें आहे. राज्यें, मंडळें आणि आकाशगंगा यांच्या बाबतींत तें बहुधा नसतें, आणि अंकगणिताचे नियम आहेत तोंपर्यंत तें फारसें वाढणारही नाहीं. निर्मात्यांनीं तसें अभिवचन देऊं नये, आणि खेळणाऱ्यांनीं त्यावर विसंबूं नये. परंतु ज्या एका व्यक्तीशीं आपण बरें किंवा वाईट वागलों, ती व्यक्ति पुढें भेटावी, तिनें तें ओळखावें, आणि त्या ओळखीमुळें आपल्यासमोरचा प्रश्न निराळा व्हावा, एवढें या कलेला साधतें. टुचांकावर तें साधलेलें आहे. आपल्या मुलांनीं हे खेळ खेळावे कीं नाहीं हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण एखादा मुलगा खेळतां खेळतां मध्येंच थांबून ‘याला सोडूं कीं मारूं?’ असें विचारूं लागला, तर वडिलांनीं ‘तो खोटाच आहे’ असें म्हणून त्याला गप्प बसवूं नये. त्याच्याजवळ बसून, ‘सोडल्यास पुढें काय होईल असें तुला वाटतें?’ एवढें विचारावें. खेळाच्या पुढच्या भागानें त्या उत्तराची नोंद घेतली नाहीं, तरी मुलाच्या मनांत ती झालेली असते.